खोबरेल तेलाच्या ठरावाआधी: प्रभागसंघातील भगिनींना खुले पत्र

प्रति,
प्रभागसंघाच्या अध्यक्षा, सचिव, कोषाध्यक्ष आणि सर्व ग्रामसंघांच्या प्रतिनिधी भगिनींना,

सस्नेह नमस्कार.

आपल्या प्रभागसंघाच्या, म्हणजे गावोगावच्या महिला बचत गटांच्या संघाच्या, मागील महिन्याच्या सभेत खोबरेल तेलाचा विषय निघाला तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि एक शब्दही बोलले नाही. ज्या गोष्टींबद्दल तीस वर्षे उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात इतरांना सांगत आले, त्यांच्याबद्दलची आपली माहिती निवृत्तीनंतर शिळी तर झाली नाही ना, हे आधी तपासून घ्यावे असे मला वाटले. ते आता तपासून झाले आहे. ठराव मताला येण्यापूर्वी माझे म्हणणे आपल्यापुढे लेखी ठेवते, कारण सभेत मला दहा मिनिटे मिळतील आणि त्यांतली पाच हजेरीत जातील.

ठरावाचा मसुदा मी वाचला आहे. समुदाय गुंतवणूक निधीतून (बचत गटांना कर्जाऊ देण्यासाठी असलेल्या पैशातून) रक्कम उचलून प्रत्येक ग्रामसंघाने ‘व्हर्जिन’ खोबरेल तेलाचे डबे घ्यावेत, लिटरला साडेसहाशे रुपये या दराने ते घरोघरी रोजच्या स्वयंपाकासाठी द्यावेत, आणि ज्या गटांकडे शाळेच्या पोषण आहाराचे काम आहे त्यांनी तिथेही हेच तेल वापरावे, असे त्यात म्हटले आहे. विक्रेत्याने सभेत भिंतीवर दाखवलेल्या चित्रफितीप्रमाणे या तेलाने साखर उतरते, थायरॉईड ताळ्यावर येतो, गुडघे मोकळे होतात, वजन घटते आणि हृदयाच्या नळ्या साफ होतात. माझ्या शेजारच्या काकू तेव्हा हळूच म्हणाल्या, “इतकं सारं एकाच तेलानं होत असन, त मंग दवाखाना कायले पायजे, बाई?” त्यांचा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात आला नाही, म्हणून तो इथे नोंदवून ठेवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे माझ्या पत्राचा विपर्यास होणार नाही. खोबरेल तेल विष नाही. २०१८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे एका प्राध्यापिकेने जाहीर व्याख्यानात त्याला ‘शुद्ध विष’ म्हटले आणि ते वाक्य जगभर फिरले. मला ते तितकेच बेजबाबदार वाटते, जितके ‘अमृत’ म्हणणे. केरळात, कोकणात, श्रीलंकेत पिढ्यान् पिढ्या माणसे या तेलात जेवण करत आली आहेत. आपल्या सावजी मसाल्यातही भाजलेले सुके खोबरे असतेच. ज्या घरात आजवर वनस्पती तुपात पुऱ्या तळल्या जात, त्या घराने खोबरेल तेल घेतले तर त्या घरापुरते ते सुधारणेचे पाऊलही ठरले असते, कारण जुन्या वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी हृदयाला सर्वांत वाईट. सरकारने १ जानेवारी २०२२ पासून तिची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली ती याच कारणाने. पण आपल्यापुढचा प्रश्न असा नाही. आपल्या गावांतली बहुसंख्य घरे आज सोयाबीनचे, सरकीचे किंवा शेंगदाण्याचे तेल वापरतात. ते बाजूला सारून त्याच्या जागी खोबरेल तेल आणावे का, आणि तेही चौपट पैसे मोजून आणि कर्ज काढून, हा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते का आहे हे जरा सविस्तर सांगणे मला भाग आहे.

पौष महिन्यात खोबरेल तेलाची बाटली सकाळी चुलीजवळ ठेवावी लागते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. साधारण २४ अंशांच्या खाली हे तेल गोठते. जवसाचे, करडईचे, सोयाबीनचे तेल आपल्या थंडीत गोठत नाही. या साध्या फरकातच सगळा विषय आला. तेलातल्या मेदाम्लांचे दोन ढोबळ प्रकार असतात, संपृक्त आणि असंपृक्त, आणि संपृक्त जितके जास्त तितके तेल लवकर गोठते. खोबरेल तेलात संपृक्त मेद सुमारे ९० टक्के असतो. साजूक तुपात तो साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास, पामतेलात निम्मा, सरकीच्या तेलात पाव भाग, शेंगदाण्याच्या तेलात पाचवा भाग किंवा त्याहून थोडा कमी, सोयाबीनमध्ये पंधरा टक्के आणि करडई-जवसात दहा टक्क्यांच्या आत असतो. म्हणजे ज्या तुपाला आपण जपून, चमच्याने वाढतो, त्याहूनही खोबरेल तेल या बाबतीत पुढे आहे. आणि ‘व्हर्जिन’ हा शब्द तेल कसे काढले एवढेच सांगतो. ताज्या खोबऱ्यातून फार न तापवता काढल्यामुळे त्याला वास चांगला येतो आणि काही उपयुक्त घटक थोड्या प्रमाणात टिकतात. मेदाम्लांचे प्रमाण मात्र तेच राहते.

संपृक्त मेदाने नेमके काय होते? रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल, ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो, ते उचलून घेण्याचे काम यकृत करते, आणि त्यासाठी यकृताच्या पेशींवर त्याला पकडणारे ग्राहक असतात. आहारातला संपृक्त मेद वाढला की या ग्राहकांचे काम मंदावते, एलडीएल रक्तात जास्त काळ फिरत राहते आणि वर्षानुवर्षे रोहिणीच्या, म्हणजे रक्तवाहिनीच्या, भिंतीत साचत जाते. पाण्याच्या नळात कचरा अडकावा आणि वरून काही ओतून तो निघून जावा, असा हा प्रकार नाही. त्यामुळे ‘नळ्या साफ होतात’ हे कोणत्याही तेलाच्या बाबतीत खोटे आहे, मी ज्याची बाजू पुढे घेणार आहे त्या जवसाच्या बाबतीतसुद्धा.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त उष्मांक संपृक्त मेदातून येऊ नयेत असे म्हटले आहे. दोन हजार उष्मांक घेणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातील दोन हजार उष्मांकांच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. हे सगळे २७ ग्रॅम खोबरेल तेलाचे धरले, तर त्यातूनच २४ ग्रॅम संपृक्त मेद पोटात जातो. मर्यादा तिथेच ओलांडली, आणि दूध, दही, सणाचे तूप, चहाबरोबरचे बिस्किट यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे. तेच २७ ग्रॅम शेंगदाण्याचे तेल असेल तर पाच ग्रॅम, सोयाबीनचे असेल तर चार, करडईचे असेल तर अडीच. आणि आपण २७ ग्रॅमवर थांबतो कुठे? तर्री-पोह्यांच्या वाटीवर तरंगणारी तर्री आणि गोळाभातावर ओतलेली लसणाची फोडणी डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे तेलाची धार पळीने मोजली जाते, चमच्याने नाही.

विक्रेत्याने ‘संशोधनाने सिद्ध’ असे तीनदा म्हटले, पण कोणते संशोधन ते एकदाही सांगितले नाही. त्याच्या बाजूने बोलता येईल अशी संशोधने खरोखर आहेत, आणि त्याने सांगितली नाहीत म्हणून ती मी झाकून ठेवणार नाही. केरळात दोनशे स्थिर हृदयरुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना दोन वर्षे खोबरेल तेलात आणि निम्म्यांना सूर्यफूल तेलात स्वयंपाक करायला सांगितले होते, आणि दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र हे सगळे रुग्ण हृदयविकाराचे नेहमीचे औषधोपचार घेत होते. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना तेलाचा परिणाम झाकला जाऊ शकतो, आणि ज्यांना गोळी चालू नाही त्यांना हा निष्कर्ष तसाच लावता येत नाही. दुसरा अभ्यास केंब्रिजचा, २०१८ चा. त्यात निरोगी स्त्री-पुरुषांनी चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल तेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल घेतले. लोण्याने एलडीएल वाढले, खोबरेल तेलाने ते ऑलिव्हच्या तुलनेत वाढलेले दिसले नाही. चार आठवडे हा काळ लहान आहे, पण अभ्यास प्रामाणिक आहे आणि त्याची नोंद घेतलीच पाहिजे.

पण एक-दोन अभ्यास हाती धरून गावाचे तेल बदलायचे नसते. सगळे एकत्र मांडून पाहायचे असते. असे एकत्र मांडण्याचे काम २०२० मध्ये झाले. सोळा चाचण्यांचे निकाल एकत्र केल्यावर असे दिसले की नारळ-पाम सोडून इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल डेसिलिटरमागे सरासरी दहा मिलिग्रॅमने वाढते आणि ‘चांगले’ म्हटले जाणारे एचडीएल चार मिलिग्रॅमने वाढते. त्यापूर्वी, २०१७ मध्ये, अमेरिकन हार्ट असोसिएशननेही खोबरेल तेल न वापरण्याचाच सल्ला दिला होता. एचडीएल वाढते ना, मग बरोबरी झाली, असे कोणी म्हणेल. मलाही पूर्वी तसेच वाटे. पण केवळ एचडीएल वाढवण्यासाठी मोठा खर्च करून औषधे तयार झाली, हजारो रुग्णांवर तपासली गेली, आणि एचडीएल भरपूर वाढूनही हृदयविकाराचे झटके अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. एका औषधाची चाचणी तर २००६ मध्ये मृत्यू वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. एलडीएलच्या बाबतीत मात्र ते कमी केले की झटके कमी होतात, हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणून दोन्ही आकड्यांना एकाच तागडीत टाकता येत नाही.

चित्रफितीत ‘लॉरिक ॲसिड’ हा शब्द मंत्रासारखा उच्चारला गेला. खोबरेल तेलात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते हे खरे आहे, आणि ते आईच्या दुधातही असते हेही खरे आहे, पण थोडेच. आणि आईचे दूध सहा महिन्यांच्या बाळासाठी असते, पंचावन्न वर्षांच्या मधुमेही माणसासाठी नाही. खरी हातचलाखी पुढे आहे. वजन आणि मेंदू यांबद्दलचे जे काही आशादायक प्रयोग सांगितले जातात, त्यांतले बरेच ‘एमसीटी’ नावाच्या वेगळ्या तेलावर झाले आहेत. ते प्रयोगशाळेत वेगळे काढलेले, आठ आणि दहा कार्बनच्या आखूड साखळ्यांचे तेल असते, जे आतड्यातून थेट यकृतात जाते आणि चटकन जळते. अशा आखूड साखळ्या खोबरेल तेलात पंधरा टक्क्यांपेक्षा कमी असतात. लॉरिक आम्लाची साखळी बारा कार्बनची आहे. कागदावर ती ‘मध्यम’ म्हणून मोजली जाते, पण शरीरात तिचा मोठा भाग लांब साखळ्यांसारखाच, रसवाहिन्यांतून फिरून रक्तात येतो. एका तेलाचे प्रशस्तिपत्र दुसऱ्याच्या बाटलीवर चिकटवले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

‘मग केरळची माणसे कशी जगतात?’ हा प्रश्न सभेत विचारला गेला आणि तो योग्य आहे. केरळचा माणूस नुसते तेल खात नाही. तो नारळ खातो, ज्यात चोथा असतो, मासे खातो, त्याच्या राज्यात दवाखाना जवळ आहे आणि स्त्रिया शिकलेल्या आहेत. तरीही केरळात हृदयविकार कमी नाही, उलट देशात तिथले प्रमाण वरच्या बाजूला आहे. त्याचा दोष एकट्या खोबरेल तेलावर टाकणे चूक ठरेल, पण ‘खोबरेल तेल खाणाऱ्यांना हृदयविकार होत नाही’ हे तर उघडच चूक आहे. प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ आणि पुकापुका बेटांचेही उदाहरण असेच दिले जाते. तिथले लोक भरपूर नारळ खात आणि त्यांच्यात हृदयविकार विरळ होता, हे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. पण त्याच अभ्यासात असेही आहे की ज्या बेटावर नारळ जास्त खाल्ला जात होता तिथल्या लोकांचे कोलेस्टेरॉल दुसऱ्या बेटापेक्षा जास्त होते. मासे, कंद आणि नारळ खाऊन समुद्रात होडी वल्हवणाऱ्या माणसाचे तेल उचलून आपल्या पातोडीच्या रश्श्यात घातले, म्हणजे त्याचे हृदय आपल्याला मिळत नाही.

इथे घरातली एक गोष्ट सांगते. ती सांगू नये असे माझ्या यजमानांचे म्हणणे होते, पण नाव न घालण्याच्या अटीवर (आता नाव न घालून काय लपणार आहे, हा भाग वेगळा) त्यांनी परवानगी दिली. त्यांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसला. मागच्या हिवाळ्यात मोबाइलवर कुणाचे तरी ऐकून त्यांनी रोज सकाळी काळ्या चहात दोन मोठे चमचे खोबरेल तेल घालून प्यायला सुरुवात केली, आणि मी आरोग्य खात्यातली असूनही, किंवा कदाचित म्हणूनच, मला सांगितले नाही. बाटली न्हाणीघरात असल्याने मी ती केसांची समजत होते. तीन महिन्यांनी तपासणीत एलडीएल ७८ वरून १०९ वर गेलेले दिसले. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा चहा बाहेर आला. तेल बंद केल्यावर पुढच्या तपासणीत आकडा ८१ झाला. गोळी सगळा वेळ तीच होती. तरीही मी आपल्याला हे पुरावा म्हणून सांगत नाही: त्याच तीन महिन्यांत कापूस वेचणीमुळे त्यांचे सकाळचे फिरणेही बंद होते, आणि एका माणसाच्या तीन कागदांवरून काहीच सिद्ध होत नाही. विक्रेत्याच्या चित्रफितीत मात्र अशीच एकेक माणसे पुरावा म्हणून उभी केली होती, एवढे लक्षात ठेवावे. आपल्या भागात हृदयविकाराचा झटका पाश्चात्त्य लोकांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो. उपकेंद्रात असताना पंचेचाळिशीच्या आतल्या किती माणसांना बैलगाडीतून आणि पुढे जीपमधून नेताना पाहिले, ते मी मोजायचे सोडून दिले होते.

शाळेच्या पोषण आहाराबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, आणि इथे प्रकृतीपेक्षा पैशाचा हिशेब मोठा आहे. पाच ग्रॅम खोबरेल तेलाने पहिलीतल्या लेकराला काही होणार नाही. पण नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज पाच ग्रॅम तेल धरलेले असते आणि १ मे २०२५ पासून साहित्यासाठी मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे मिळतात. साडेसहाशे रुपये लिटरच्या तेलाचे पाच ग्रॅम साडेतीन रुपयांना पडतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे तेलातच गेले. उरलेल्या सव्वातीन रुपयांत डाळ, भाजी, मीठ-मसाला आणि इंधन कसे बसवायचे? दीडशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या सोयाबीन तेलाचे तेवढेच पाच ग्रॅम ऐंशी-पंच्याऐंशी पैशांत येतात. सहावी ते आठवीला साडेसात ग्रॅम तेल आणि १० रुपये १७ पैसे. तिथेही हिशेब तसाच फसतो. ज्या ताईंनी हा मुद्दा मसुद्यात घातला त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे. पण वरण पातळ होईल ते लेकरांच्या ताटात, आणि ‘पौष्टिक तेल’ असा फलक लागेल तो स्वयंपाकखोलीच्या दारावर.

घरचा हिशेबही याच वाटेने जातो. पाच माणसांच्या घराला २७ ग्रॅमप्रमाणे महिन्याला साडेचार लिटरच्या आसपास तेल लागते. ते खोबरेल असेल तर सुमारे तीन हजार रुपये, सोयाबीन असेल तर सातशेच्या आत. वरच्या सव्वादोन हजारांत महिनाभराची तूरडाळ, अंडी आणि फळे येतात, आणि या तिन्ही गोष्टींनी ज्या घराचे आरोग्य सुधारेल, त्या घराला आपण तेल विकायला निघालो आहोत.

‘रिफाइंड तेल म्हणजे रसायन’ या वाक्यालाही उत्तर द्यायला हवे, कारण सभेत सर्वांत जास्त माना त्यावर डोलल्या. सोयाबीनचे तेल काढताना हेक्झेन नावाचा द्रव वापरतात आणि नंतर तो उडवून काढतात. त्याने तेलाचा गंध आणि काही चांगले घटक जातात हे मान्य. पण सरकीचे तेल शुद्ध न करता खाणेच धोक्याचे, कारण सरकीत गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य असते आणि शुद्धीकरणात ते निघते. घाण्याचे म्हणजे आपोआप निर्दोष असेही नाही. ओल धरलेल्या, बुरशी आलेल्या शेंगांचे घाण्यावर काढलेले तेल अफ्लाटॉक्सिन नावाचे विष बरोबर घेऊन येते. खोबरेल तेलाचा एक गुण मात्र मी नाकारत नाही: ते उष्णतेत लवकर बिघडत नाही. पण ‘व्हर्जिन’ खोबरेल पावणेदोनशे अंशांच्या आसपास धुरावते, आणि वडे तळताना कढई त्याच्या अगदी जवळ पोहोचते. तळणाचा प्रश्न तेल बदलून सुटत नसतो. तेच तेल काळे होईपर्यंत पुन्हा पुन्हा वापरायचे नाही, हे त्याचे उत्तर आहे.

आता जो निधी हातात आहे त्याचे काय करावे? मी राहते तो वर्धा जिल्हा तेलाच्या बाबतीत अनोळखी मुलूख नाही. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी त्याचे काम उभे केले, आणि तिथेच झवेरभाई पटेलांनी बैलाच्या घाण्यात सुधारणा करून जी घाणी बसवली ती ‘वर्धा घाणी’ म्हणून देशात ओळखली गेली. त्या वेळी आपल्या रानात रब्बीला जवस निळ्या फुलांनी भरलेला असे आणि काट्यांमुळे गुरे आत शिरू नयेत म्हणून कडेने करडई पेरलेली असे. सोयाबीन आले, नगदी पैसा आला, आणि जवस चटणीपुरता उरला. ही कुरकुर नाही. सोयाबीनने अनेक घरांची कर्जे फेडली. पण जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतले ओमेगा-३ (शरीराला आहारातूनच मिळवावे लागणारे मेदाम्ल), असते आणि मासे न खाणाऱ्या आपल्या ताटात ओमेगा-३ ची नेमकी वानवा आहे. ते तेल तापवायचे नसते, कारण ते लवकर बिघडते. ते भाकरीवरच्या ठेच्यावर कच्चे घ्यायचे, गडद बाटलीत ठेवायचे आणि महिनाभरात संपवायचे. आपल्या आज्या धार घेत होत्या ती अशीच.

माझी सूचना अशी आहे की त्याच निधीतून एका ग्रामसंघात विजेवर चालणारा लाकडी घाणा बसवावा आणि त्यावर शेंगदाणा, करडई, तीळ आणि थोड्या प्रमाणात जवस काढावा. अडीच-तीन किलो चांगल्या दाण्यांतून लिटरभर तेल मिळते, आणि ढेप घरच्या गुरांना जाते किंवा विकली जाते. हे तेल सोयाबीनइतके स्वस्त पडणार नाही, आणि प्रत्येक घर ते महिनाभर वापरू शकणार नाही, हेही आजच सांगून ठेवते. ज्याला परवडेल त्याने घ्यावे. ज्याला नाही त्याने सोयाबीनचेच तेल, पण कमी वापरावे. २०२५ च्या जानेवारीत देहरादूनला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी घरोघरी तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. राजकारण बाजूला ठेवा, पण तेलाच्या बाबतीत माझ्या नोकरीभर मी ऐकलेला हा सर्वांत बिनखर्चाचा सल्ला आहे.

विक्रीच्या जबाबदारीबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा बरा होतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, आणि खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. चित्रफीत विक्रेत्याची असली तरी गावात ती दाखवणार आपल्या गटातली बाई, आणि पत्रकावर शिक्का असणार ग्रामसंघाचा. शिवाय खोबरेल तेलाच्या बाटल्यांत खाण्याचे कोणते आणि केसांचे कोणते हा घोळ इतका जुना आहे की त्यावरच्या कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये निकाली निघाला. सभेत दाखवलेल्या नमुन्याच्या बाटलीवर मला ‘खाद्यतेल’ हा शब्द दिसला नाही आणि चौदा आकडी अन्नपरवाना क्रमांकही दिसला नाही. माझा चष्मा जुना आहे. आपण पुन्हा पाहावे.

ज्या भगिनींना खोबरेल तेलाची चव आवडते त्यांनी आठवड्यातून एखादी भाजी त्यात खुशाल करावी. केसांना लावावे, बाळाला चोळावे. मी स्वतः लावते. मात्र मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या कोणीही या तेलाच्या भरवशावर गोळी बंद करू नये. मागच्या सभेनंतर दोघींनी मला ‘आता गोळी सोडली तर चालेल का’ असे विचारले, आणि हे पत्र लिहायला बसण्याचे तेच खरे कारण आहे.

माझी विनंती एवढीच आहे की ठराव पुढच्या सभेत मताला टाकू नये. त्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: बाटलीवरचा अन्नपरवाना क्रमांक, ज्या संशोधनांचा उल्लेख केला त्यांची नावे आणि वर्षे, आणि न विकले गेलेले डबे परत घेण्याची हमी. तिसऱ्या गोष्टीचे उत्तर काय येते याची मला सर्वांत जास्त उत्सुकता आहे. पुढच्या सभेला मी यजमानांचे तीनही तपासणी कागद आणि पोषण आहाराचा हिशेब मांडलेली वही घेऊन येईन, आणि या वेळी पहिल्या रांगेत बसेन.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
वर्धा जिल्हा